रात्री दोनला चालू होणारी गाडी
(रेडिओवर केलेलं भाषण)

आम्ही जव्हार आणि मोखाड्याच्या मधल्या एका पाड्यावरच्या बाया. आमच्या बचत गटात दहा जणी आहेत. आजवर आमच्या गटानं शेळ्या घेतल्या, शिलाई मशीन घेतलं, मोगऱ्याची कलमं घेतली. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकीच्या घरासाठी जुनी चारचाकी घेतली. तीच हकिगत आज सांगायची आहे. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पहिल्या खेपेला आम्ही फसलो, बारा हजार रुपये गमावले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सांगतो.

गाडी घ्यायचं मनात आलं ते आवणीच्या दिवसांत. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना बांधावर साप चावला. सांज झाली होती, पाऊस धो धो. फोनला रेंज नाही, म्हणून पोरगा टेकडीवर पळाला. गावात दोन मोटारसायकली, पण आजीला चक्कर येत होती, ती मागे बसणार कशी? शेवटी पलीकडच्या पाड्यावरून एक जीप आली. तिला यायला सव्वा तास लागला. भाडं तीन हजार रुपये. आजी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात पोचली, सुया मिळाल्या, बरी झाली. आज हे भाषण ती ओट्यावर बसून ऐकत असेल. पण तो सव्वा तास आम्ही दहाही जणी विसरलो नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. घरी गाडी आली म्हणून १०८ चा नंबर विसरायचा नाही. आधी १०८ ला फोन करायचा. त्या गाडीत ऑक्सिजन असतो, डॉक्टर असतो, आपल्या गाडीत ते नसतं. आपली गाडी ही जोडीला.

तर त्या घरानं ठरवलं की गाडी घ्यायची. नवरा-बायको दोन हंगाम वीटभट्टीवर राबले होते, त्याची शिल्लक होती. दादा एका शहरात गेले, रस्त्याकडेला जुन्या गाड्या लावून विकणाऱ्याकडून एक पांढरी गाडी पसंत करून आले. गाडी अशी चकचकीत की तोंड दिसावं. किंमत एक लाख चाळीस हजार. तीस हजार इसार दिला आणि ‘बाकीचे महिन्यात देतो’ सांगून गाडी घरी आणली. पाड्यावर नारळ फुटला, पेढे वाटले.

आठव्या दिवशी ती गाडी विक्रमगडकडून जव्हारला चढणाऱ्या घाटात बंद पडली. आत तापानं फणफणलेलं लेकरू. मेकॅनिककाकांनी गाडी ओढून आणली, पायाखालची सतरंजी उचलली, तर खाली वाळलेला गाळ. गाडी पुरात बुडालेली होती. वायरी आतून हिरव्या पडल्या होत्या. मग कागद नीट बघितले, तर नोंदणीच्या कागदावर एका फायनान्स कंपनीचं नाव. म्हणजे आधीच्या मालकाचं कर्जही फिटलेलं नव्हतं. आम्ही बाया चार वेळा त्या विकणाऱ्याकडे गेलो, दारात बसलो. तीसातले अठरा हजार परत मिळाले. बारा गेले. ते आम्ही शाळेची फी समजतो.

त्यानंतर आम्ही बैठक घेतली. गटातून कर्ज द्यायचं तर गाडी बघायलाही गटानं जायचं, असं ठरलं. काही बापे हसले. ‘बायांना गाडीतलं काय कळतं?’ आम्ही म्हणालो, बाजारात कोंबडी घेताना आम्ही तिचे पंख उचलून बघतो, डोळे बघतो, वजन हातानं तोलतो. गाडीचंही बघायला शिकू. पाच आठवडे लागले, सात गाड्या बघितल्या, तेव्हा एक मिळाली. या पाच आठवड्यांत जे शिकलो ते आता क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट. गाडी कशासाठी पाहिजे ते घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. आमच्याकडे दादांना मोठी डिझेल गाडी हवी होती. आठ माणसं बसतील, लग्नाला जाता येईल, बोहाड्याला पाव्हणे आणता येतील. वहिनींनी विचारलं, ‘वर्षातून आठ माणसं किती वेळा बसणार?’ बोटावर मोजलं तर पाच-सहा वेळा. बाकी सगळं वर्ष चार माणसं. दवाखाना, जव्हारचा बाजार, पोरीची आश्रमशाळा, कधीतरी नाशिक. मोठ्या गाडीचे टायर महाग, सुटे भाग महाग, विमाही महाग. दुसऱ्याच्या नुकसानीचा जो विमा कायद्यानं सक्तीचा आहे, त्याचे सरकारनं २०२२ साली ठरवलेले वर्षाचे दर असे : १००० सीसीपर्यंतच्या इंजिनाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. वर कर वेगळा. म्हणजे इंजिन मोठं घेतलं की दर वर्षी खिसा जास्त हलका होणार. तेव्हा आम्ही ठरवलं, छोटी पेट्रोल गाडी, पण उंच बसकणीची. कारण गरोदर बाई आणि म्हातारं माणूस खाली वाकून बसू शकत नाही, आणि आमच्या पाड्याच्या रस्त्याला दगड वर आलेले आहेत.

तुमची गरज वेगळी असेल. भाजी, मोगरा वाहायचा असेल तर इकोसारखी मागे जागा असणारी गाडी सोयीची पडेल. पाड्यापर्यंत रस्ताच नसेल, ओढा ओलांडायचा असेल, तर बोलेरोसारख्या उंच गाडीचा विचार करावा लागेल. सीएनजी स्वस्त पडतं खरं, पण आपल्या नेहमीच्या वाटेवर ते कुठं मिळतं ते आधी बघा. टाकी मागे बसते, सामानाची जागा जाते. टाकीची दर ३ वर्षांनी तपासणी करावी लागते आणि सीएनजीची नोंद गाडीच्या कागदावर असावीच लागते. आणि कुठलीही गाडी घ्या, आधी जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या मेकॅनिकला विचारा, ‘दादा, हिचे भाग इथं मिळतात का?’ ज्या गाडीच्या क्लचसाठी मुंबईला निरोप धाडावा लागतो ती आपल्या कामाची नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. आमच्याकडे एकूण दोन लाख साठ हजार होते. एक लाख चाळीस घरचे, एक लाख वीस गटाचं कर्ज, शेकडा एक रुपया महिना व्याजानं, २४ महिन्यांचे हप्ते. म्हणजे महिन्याला पाच हजार मुद्दल, आणि पहिल्या महिन्याचं व्याज बाराशे. मेकॅनिककाका म्हणाले, ‘जेवढे पैसे आहेत त्याचे पाच भाग करा. चार भागांत गाडी घ्या, पाचवा भाग कनवटीला ठेवा. जुनी गाडी घरी आली की लगेच काहीतरी मागते.’ हे आम्ही गाठ मारून ठेवलं. दोन लाख आठ हजारांच्या वरची गाडी बघायचीच नाही, कितीही आवडली तरी.

तिसरी गोष्ट कागदाची. ही आम्हाला सगळ्यात सोपी गेली, कारण सातबारा आपण सगळ्यांनी बघितलेला आहे. गाडीचा आरसी म्हणजे तिचा सातबाराच. जमीन घेताना आपण काय बघतो? नाव कुणाचं, बोजा आहे का, फेरफार झाला का. गाडीचंही तेच बघायचं.

आरसीवर मालकाचं जे नाव आहे तेच माणूस समोर पाहिजे, आधार कार्डासकट. ‘गाडी मेव्हण्याची आहे, तो सुरतला असतो’ असं कुणी म्हटलं की पाणी पिऊन उठा. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर तो बोजा. कर्ज फिटलं म्हणून तोंडी सांगितलेलं चालत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ पाहिजे. गाडीचा नंबर टाकला की एम-परिवहन या मोबाईलच्या ॲपवर नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी बघता येतं. आमच्या पोरींनी ते मोबाईलवर दोन मिनिटांत काढलं. गाडीवर पोलिसांचे न भरलेले दंड आहेत का, तेही ऑनलाईन बघता येतं. ते विकणाऱ्यानंच भरायचे.

मग गाडीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो आणि पत्र्यावर ठोकलेला असतो. एक जण वाचते, दुसरी कागदावर बोट ठेवते. खाडाखोड दिसली, घासल्यासारखं वाटलं, की ती गाडी सोडून द्या.

नोंदणीची तारीख नीट बघा. घरगुती गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. त्यानंतर ती ५-५ वर्षांसाठी वाढवावी लागते. आधी गाडीची तपासणी होते. १५ वर्षांवरच्या चारचाकीची नोंदणी वाढवायची फी १ एप्रिल २०२२ ला ५,००० रुपये झाली होती आणि पर्यावरण कर वेगळा. म्हणून १४ वर्षांची गाडी पन्नास हजारांनी स्वस्त दिसली तरी पुढच्या वर्षाचा हिशोब त्यात धरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही बघा. नसेल तर तो खर्च कुणाचा ते आधी बोलून घ्या.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. आपल्याला सिल्वासा जवळ, वलसाड जवळ. तिकडच्या गाड्या, डीएन ०९ आणि जीजे १५ नंबरच्या, इथल्यापेक्षा स्वस्त मिळतात. आम्हालाही एक मिळत होती, चाळीस हजारांनी कमी. पण दुसऱ्या राज्यातली गाडी आपल्या नावावर करायची तर तिथल्या कार्यालयाचं ना-हरकत पत्र, म्हणजे फॉर्म २८, आणावं लागतं. महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. तो सगळा हिशोब मांडला तर स्वस्ताई उरली नाही, हेलपाटे तेवढे उरले. दिल्लीकडच्या गाड्यांचंही तसंच. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या स्वस्तात इकडं येतात. आम्ही ठरवलं, महाराष्ट्राच्याच नंबरची गाडी घ्यायची. एमएच ४८, ठाण्याची एमएच ०४, नाशिकची एमएच १५, काहीही चालेल. राज्याचा एकरकमी कर तिनं आधीच भरलेला असतो.

चौथी गोष्ट, गाडी बघायची कशी. सकाळी जा, उजेडात जा, पावसात जाऊ नका, कारण ओल्या पत्र्यावर सगळं झाकलं जातं. मालकाला आदल्या दिवशी सांगा, ‘आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर समजा की त्यानं आधीच चालू करून ठेवली आहे. थंड गाडी एका चावीत चालू होते का, हेच तर बघायचं आहे. रात्री दोन वाजता ती थंडच असणार ना?

चालू झाल्यावर एकीनं मागे उभं राहून धूर बघायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतं आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. पांढरा दाट धूर, इंजिन तापल्यावरही निघत राहिला, तर पाणी आत शिरतं आहे. इंजिन बंद आणि थंड असताना ऑईलचं झाकण उघडून आतून बघा. साईसारखं, दुधाळ काही चिकटलेलं असेल तर ऑईलमध्ये पाणी मिसळतं आहे, त्या इंजिनाला मोठा खर्च आहे. मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका. मीटर मागे फिरवणारे आहेत. पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर कुणी मागे फिरवत नाही. मीटर तीस हजार दाखवतं आणि पायपट्टी गुळगुळीत झालेली, चालकाची सीट खचलेली, तर कोण खोटं बोलतं ते तुम्हीच ठरवा.

गाळाचं आम्ही कधीच विसरणार नाही. २०१९ साली बदलापूर, सांगली, कोल्हापूरला पूर आला, २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येतात. म्हणून सतरंजी उचला, खाली हात फिरवा, नाकानं वास घ्या. सुवासिक फवारा जास्तच मारलेला असेल तर संशय धरा. सगळ्यात खात्रीची जागा सीटचा पट्टा. तो शेवटपर्यंत ओढून काढा. पट्ट्याचा आतला भाग कुणी धुवत नाही. तिथं मातीची रेघ दिसली की पाणी तिथवर चढलं होतं.

खाडीकाठच्या, समुद्राजवळच्या गाडीला खारा वारा खातो. आम्ही किनाऱ्याकडची एक गाडी बघितली. वरून फुलासारखी. आमच्यातली एक साडी खोचून खाली वाकली, बॅटरी मारली, तर खालचा पत्रा पापडासारखा. बोटानं टोचला तर तुकडा हातात आला. मालक म्हणाले, ‘बाई, खाली कुणी बघत नाही.’ ती म्हणाली, ‘आम्ही बघतो.’

अपघात झालेली गाडी ओळखायला लोहचुंबक घेऊन जा, फडक्यात गुंडाळून, म्हणजे चरे पडणार नाहीत. दरवाज्यावर, बाजूच्या पत्र्यावर लावा. पत्र्याला चिकटतं, पण जिथं लांबी जाड भरून रंग मारलेला असतो तिथं चिकटत नाही. काही भाग मुळातच प्लास्टिकचे असतात, बंपर वगैरे, ते सोडा. दोन्ही बाजूंच्या दरवाज्यांच्या फटी सारख्या आहेत का, तेही बघा.

टायरचं वय टायरवरच लिहिलेलं असतं. बाजूला छोट्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. नक्षी चांगली दिसली तरी टायर सहा-सात वर्षांचा असेल, भेगा पडल्या असतील, तर त्याची किंमत शून्य धरा आणि तेवढे पैसे कमी करून मागा.

गाडी किती सालची, याला आणखी एक कारण आहे. १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या गाड्यांना चालकापुढे हवेची पिशवी सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी एबीएसची सोयही सक्तीची झाली. आपल्या घाटात, शेवाळलेल्या ओल्या रस्त्यावर, याचा फार उपयोग. तुमचं बजेट पोचत असेल तर २०१९ च्या मध्यानंतरचीच घ्या. आमचं पोचलं नाही. म्हणून आम्ही नियम केला, मागे बसणाऱ्यानंही पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

पाचवी गोष्ट, घाट. सपाटीवर गल्लीत फिरवून दाखवलेली गाडी बघितली असं म्हणू नका. आम्ही ज्या गाडीवर थांबलो ती नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांची. २०१५ ची वॅगन आर, पहिलाच मालक, ५८ हजार किलोमीटर, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगचं बिल फाईलला लावलेलं. बिलांवर तारीख आणि किलोमीटर असतात, त्यामुळे मीटरचा खरेखोटेपणा तिथंच कळला. गुरुजी आमच्याबरोबर त्र्यंबकमार्गे तोरंगण घाटापर्यंत आले. आत पाच जण बसलो, कारण रिकामी गाडी कशीही चढते. चढावर थांबवून पुन्हा उचलली, क्लच घसरतो का बघितलं. क्लच गेलेला असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही, करपट वासही येतो. उतारावर ब्रेक दाबला तर गाडी एका बाजूला ओढते का, स्टिअरिंग थरथरतं का, तेही बघितलं. वर पोचल्यावर तापमानाचा काटा कुठं आहे ते बघितलं. मग इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो, गुरुजींनी थर्मासमधला चहा पाजला, आणि पुन्हा चालू केलं. एका चावीत चालू झाली.

तरी आम्ही लगेच हो म्हटलं नाही. जव्हारच्या मेकॅनिककाकांना पाचशे रुपये आणि येण्याजाण्याचा खर्च देऊन दुसऱ्या दिवशी नेलं. त्यांनी क्लच अर्धा संपलाय, ब्रेकपट्ट्या बदलाव्या लागतील, पुढचे दोन टायर आणि बॅटरी जुनी आहे, असं कागदावर लिहून दिलं. तो कागद घेऊन आम्ही भाव केला. दोन लाख पंचवीस सांगितले होते, दोन लाख पाचला सौदा झाला. पैसे बँकेतून दिले, रोख नाही, आणि पावती लिहून घेतली.

राहिलेल्या पंचावन्न हजारांचं काय झालं तेही सांगतो. क्लच, ब्रेक, ऑईल मिळून १४,०००. दोन टायर ७,५००. बॅटरी ४,५००. विमा ६,५००. नाव बदलणं, नंबरप्लेट आणि त्यासाठीचे हेलपाटे ३,५००. झाले छत्तीस हजार. उरलेले १९ हजार गटाच्या खात्यात गाडीच्या नावानं ठेवले. पाचवा भाग मागे ठेवला नसता तर गाडी दारात आणि टायरला पैसे नाहीत, असं झालं असतं.

सहावी गोष्ट, फेरफार. गाडी घरी आणली म्हणजे आपली झाली नाही. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या होऊन परिवहन कार्यालयात नाव बदललं की मग ती आपली. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं, असं कायदा सांगतो. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यायचा. ‘करू नंतर’ म्हणून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाड्या चार-चार हातांतून फिरतात. अशा गाडीचा अपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की कागदावर ज्याचं नाव तोच मालक धरला जाईल. म्हणून तुमच्या घरची जुनी मोटारसायकल कुणाला विकली असेल तर आज रात्रीच घरात विचारा, ‘नाव बदललं का?’

नाव कुणाचं लावायचं, यावर आमच्याकडे दोन बैठका झाल्या. आमच्या गटाची स्वतःची नोंदणी नाही, म्हणून गाडी गटाच्या नावावर होईना. घरच्या माणसाचंच नाव लागणार होतं. वीटभट्टीवर दोघंही राबले, हप्ता वहिनी भरणार, गटाची सभासद वहिनी. दादा थोडे गप्प झाले. मग म्हणाले, ‘तिचं लावा. नाहीतरी हिशोब तीच ठेवते.’ आरसी घरी आला तेव्हा वहिनींनी तो आधी सासूबाईंच्या हातात दिला. आजीला वाचता येत नाही. तिनं नातीला नाव मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा.

आता गाडी आल्यावरच्या दोन गोष्टी. एक, पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी भाड्यानं चालवता येत नाही. त्याला वेगळा परवाना लागतो, पिवळी प्लेट लागते. भाडं घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी पैसे नाकारू शकते. आपल्याकडे मोह होतो, बाजारच्या दिवशी चार माणसं हात करतात. आमच्या घरानं भाडं घ्यायचं नाही असं ठरवलं आणि पाळलं. पाड्यावरच्या आजारी माणसाला न्यायचं असेल तर त्याचं काही घेत नाहीत. पेट्रोलचा खर्च गटाच्या त्या १९ हजारांतून देतो आणि दर महिन्याला दहा जणी पन्नास-पन्नास रुपये त्यात टाकतो.

दुसरी, गाडी उभी राहून बिघडते. दर तीन-चार दिवसांनी ती थोडी तरी फिरवायची. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून धान्याच्या कणगीजवळ लावायची नाही. पावसाळ्यात टाकी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि रात्री लावताना तोंड रस्त्याकडे करून लावायची.

आणि चालवणार कोण? दादा नाक्यावर गेलेले असतात, मुंबईकडे कामाला गेलेले असतात, साप काही त्यांना विचारून येत नाही. म्हणून आमच्यातल्या दोघींनी शिकाऊ परवाना काढला. १८ वर्षं पूर्ण असली की काढता येतो, ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. एक पास झाली. दुसरीची उलटी गाडी घेताना खांबाला लागली. ती पुढच्या महिन्यात पुन्हा देणार आहे.

या पावसाळ्यात ती गाडी तीन वेळा रात्री निघाली. एकदा बाळंतपण, एकदा पोराला फिट, एकदा शेजारच्या पाड्यावरचे काका, छातीत दुखत होतं म्हणून. तिन्ही वेळा एका चावीत चालू झाली. काका काही वाचले नाहीत, खरं ते सांगायला पाहिजे. पण त्यांची बायको आम्हाला म्हणाली, ‘गाडी नाही म्हणून गेले, असं मला जन्मभर वाटलं असतं. ते तरी नाही.’

बायांनो, गाडी बघायला जाताना एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा. पिशवीत बॅटरी, लोहचुंबक, फडकं, वही आणि पेन ठेवा. मालकानं घाई केली, ‘दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय’ म्हणाला, तर म्हणा, ‘येऊ दे बापडं, आम्ही उद्या येतो.’ आम्ही सहा गाड्या सोडल्या, एकीचंही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते फक्त पहिल्या पांढऱ्या गाडीचं, जिला आम्ही सतरंजी न उचलता नारळ फोडला.

तुमच्या गटाला गाडी बघायला जायचं असेल आणि सोबत हवी असेल तर बाजारच्या दिवशी जव्हारला आमची गाठ घ्या. आमच्यातली कुणीतरी येईल. गाडीखाली वाकून बघणारी तर नक्की येईल.